डीएनए वाकवणारं औषध आणि दादाचं लग्न

पत्राचा सारांश : बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं थोरल्या भावाबद्दल लिहिलं आहे. भाऊ २७ वर्षांचा, साखरपुडा झालेला, लग्न पाच महिन्यांवर. वृषणात गाठ निघाली आणि ऑपरेशन करून ते वृषण काढलं. तपासणीत ‘नॉन-सेमिनोमा’ प्रकारचा कर्करोग आला. सीटी स्कॅनमध्ये पोटात, पाठीच्या कण्यालगत, तीन सेंटिमीटरचा एक लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) दिसला. डॉक्टरांनी ‘बीईपी’ (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन) केमोच्या तीन सायकल सांगितल्या आहेत आणि त्यातलं मुख्य औषध सिस्प्लॅटिन आहे. “हे औषध नेमकं करतं काय?” असं भावानं विचारलं, तेव्हा बहिणीनं कॉलेजात शिकलेलं सांगितलं : ते डीएनएला चिकटतं आणि त्याला वाकवतं. तेव्हापासून तो केमोला नाही म्हणतो आहे. आपली जनुकं बिघडतील, मुलं धड होणार नाहीत, अशी धास्ती त्यानं घेतली आहे. आई म्हणते, कार्बोप्लॅटिन सौम्य असतं, ते द्या. काका म्हणतात, आधी लग्न उरकू, मग बघू, आणि मुलीकडच्यांना एवढ्यात कळू द्यायला नको. शेजारच्यांनी ‘केमोचा त्रास कमी होतो’ म्हणून ग्लुटाथायोनच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. मुलगी विचारते : मी दादाला सांगितलं हे चुकलं का? आणि आता मी काय करू?

उत्तर :

तुम्ही सांगितलं त्यात चूक काहीच नव्हती. वाक्य शंभर टक्के खरं आहे, फक्त ते अर्ध्यावर थांबलं. तुम्ही ‘वाकवतं’ म्हणालात आणि दादानं ‘बदलतं’ ऐकलं. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्यावरच त्याचा निर्णय अडकला आहे. म्हणून ते अंतर आधी नीट बघू. मात्र त्याआधी एक काम सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही : केमोची पहिली सलाईन लागण्याआधी दादाचं वीर्य साठवून ठेवा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, पण स्पर्म बँकेला फोन आजच करा.

आता डीएनए. तुम्हाला माहीत आहे, पण दादाला सांगता यावं म्हणून साध्या शब्दांत लिहिते. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. प्रत्येक पायरी दोन अक्षरांच्या जोडीनं बनते, ए-टी किंवा जी-सी. आपली जनुकं म्हणजे या अक्षरांचा क्रम. आईवडिलांकडून मुलांकडे जातो तो हा क्रम. सिस्प्लॅटिन ही अक्षरं खोडत नाही आणि त्यांच्या जागी दुसरी लिहीतही नाही. ते शिडीला धरून तिचा आकार बिघडवतं, इतका की पेशीला शिडी वापरता येत नाही.

हे कसं होतं ते अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. सिस्प्लॅटिनचा रेणू म्हणजे एक सपाट चौकोन. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू आणि चार कोपऱ्यांवर चार जोडीदार. त्यातले दोन अमोनियाचे, घट्ट धरून बसलेले. उरलेले दोन क्लोराइडचे, सहज सुटणारे, आणि शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर. नावातल्या ‘सिस’चा अर्थ हाच : दोघं एकाच बाजूला. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, लिटरला साधारण १०० मिलिमोल, त्यामुळे रेणूवरचे क्लोराइड सहसा जागचे हलत नाहीत आणि औषध शांत राहतं. पेशीच्या आत मात्र क्लोराइड खूपच कमी, साधारण ४ ते २० मिलिमोल. तिथे शिरल्यावर एक क्लोराइड निसटतो आणि त्याची जागा पाण्याचा रेणू घेतो. आता रेणूवर धन भार आलेला असतो, तो ऋण भाराच्या डीएनएकडे ओढला जातो, आणि पाण्याला बाजूला सारून डीएनएला चिकटतो.

चिकटतो तोही कुठेही नाही. जी अक्षराच्या, म्हणजे ग्वानिनच्या, एका ठरावीक नायट्रोजनला तो धरतो. त्याला ‘एन-७’ म्हणतात. हा नायट्रोजन शिडीच्या रुंद खाचेत बाहेरच्या बाजूला उघडा असतो. समोरच्या सीशी जोडी बांधण्याचं काम त्याच्याकडे नसतं, त्यामुळे प्लॅटिनम येऊन बसलं तरी जी हा जीच राहतो. मग दुसरा क्लोराइड सुटतो आणि प्लॅटिनमचा तो मोकळा हात त्याच पट्टीवरच्या लगतच्या अक्षराला धरतो. अशा जोडण्यांपैकी सुमारे ६५ टक्के शेजारच्या दोन जींमध्ये होतात आणि सुमारे २५ टक्के ए आणि जीमध्ये. शिडीच्या समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींना बांधल्या जाणं फार कमी, एक-दोन टक्के.

ही दोन अक्षरं एरवी रचलेल्या ताटांसारखी एकमेकांवर सपाट बसलेली असतात. प्लॅटिनमनं त्यांच्या कडा एका बाजूला खेचल्या की ताटं तिरकी होतात. कापडाच्या दोन चुण्या सेफ्टी पिनेनं एकत्र ओढल्या की सगळं कापड त्या बाजूला वळतं, तशी पूर्ण शिडी रुंद खाचेच्या दिशेनं वाकते. १९९५ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीफन लिपर्ड यांच्या गटानं या वाकलेल्या डीएनएच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात हा बाक ३५ ते ४० अंशांचा निघाला. पुढे द्रावणात मोजला तेव्हा तो जवळपास ७८ अंश भरला. पीळही सुमारे १३ अंशांनी सैल होतो. एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंत शिडी साधारण ३४ अंश वळते, म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त वळण तिथे उलगडलं. पलीकडची अरुंद खाच पसरट आणि उथळ होते. त्या उघड्या फटीत एचएमजीबी१ नावाचं प्रथिन आपल्या एका अमिनो आम्लाची पाचर ठोकून बसतं.

सिस्प्लॅटिनचं एक भावंड आहे, ट्रान्सप्लॅटिन. तेच अणू, तेवढेच अणू, फक्त क्लोराइड समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. त्याला शेजारची दोन अक्षरं पकडता येत नाहीत, आणि कर्करोगावर ते कुचकामी ठरलं. तुमच्या दादाला घाबरवणारा तो बाक हाच या औषधाचा गुण आहे, हे यावरून स्पष्ट दिसतं. तो काढून टाकला तर औषधच उरत नाही.

वाकल्यावर काय होतं? पेशीला दोन होण्याआधी डीएनएची नक्कल करावी लागते. नक्कल करणारं यंत्र या बाकापाशी येऊन अडतं. पेशी धोक्याचा इशारा देते, दुरुस्ती पथक येतं आणि बिघडलेल्या जागेसह २५-३० अक्षरांचा तुकडा कापून काढून नवा भरू पाहतं. दुरुस्ती झाली तर पेशी जगते. झाली नाही तर ती स्वतःला संपवते.

हा शोध लागला तोही अनपेक्षितपणे. १९६५ साली मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. त्यांचे ई. कोलाय जिवाणू वाढत राहिले, पण विभागेनात. नेहमीच्या लांबीच्या ३०० पटींपर्यंतचे धागे झाले. वीज त्याला कारण नव्हती. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, द्रावणात अमोनियमचा क्षार होता, आणि त्यातून प्लॅटिनमची संयुगं तयार झाली होती. सिस्प्लॅटिन हे त्यांतलंच एक. रसायनशास्त्राला ते १८४० च्या दशकापासून, इटलीच्या मिकेले पेरोने यांच्यामुळे, ठाऊक होतं. अमेरिकेत १९७८ साली ते औषध म्हणून मंजूर झालं, वृषणाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगांसाठी.

आता दादा विचारेल, मग हे फक्त कर्करोगाच्याच डीएनएला वाकवतं का? नाही, आणि त्याला तसं सांगूही नका. ते रक्तातून सगळीकडे जातं. फरक पडतो तो पेशी किती वेगानं विभागते आणि दुरुस्ती किती करू शकते यानं. केसांची मुळं, अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर यांना फटका बसतो तो त्या वेगामुळे, पण त्या पेशी सावरतात. वृषणाच्या कर्करोगाच्या पेशी मात्र मुळातच दुरुस्तीत कच्च्या असतात. कापून काढण्याचं काम करणारी एक्सपीए आणि ईआरसीसी१-एक्सपीएफ ही प्रथिनं त्यांच्यात कमी असतात, आणि स्वतःला संपवण्याची यंत्रणा सहसा शाबूत असते. म्हणूनच हा आजार पसरलेला असतानाही बरा होणाऱ्या थोड्या कर्करोगांपैकी एक आहे. तुम्ही लिहिलेल्या अवस्थेत, म्हणजे पोटातला एवढाच नोड असेल आणि ऑपरेशननंतरचे मार्कर (या कर्करोगाची खूण देणारे रक्तातले घटक : एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच) फार वाढलेले नसतील, तर तो ‘गुड रिस्क’ गटात येतो. या गटातले दहांपैकी नऊहून जास्त रुग्ण बरे होतात. दादाचा गट कोणता हे त्याच्या डॉक्टरांना थेट विचारा.

मुलांचं काय, हा प्रश्न मी हलका समजत नाही. त्याची खरी उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही त्याला सांगायला हवीत.

पहिलं असं की औषधाच्या काळात वृषणातल्या विभागणाऱ्या पेशींनाही मार बसतो. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि वाटेत असलेल्या शुक्रजंतूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते. बाकावरून नक्कल जेमतेम पुढे रेटली गेली तर तिथे अक्षर चुकूही शकतं. म्हणजे ‘वाकतं’ याचं ‘बदलतं’ कधीमधी होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच केमो चालू असताना आणि नंतरही काही काळ गर्भधारणा टाळायला सांगतात. सिस्प्लॅटिनच्या अमेरिकी माहितीपत्रकात शेवटच्या डोसनंतर पुरुषांसाठी ११ महिने आणि स्त्रियांसाठी १४ महिने अशी मुदत आहे. दुसरं उत्तर असं की ही मुदत संपेपर्यंत ती इजा झालेली पिढी निघून गेलेली असते, नवी पिढी मूळ पेशींपासून तयार होते. वृषणाचा कर्करोग झालेल्या पुरुषांच्या मुलांचे मोठ्या नोंदवह्यांवरून अभ्यास झाले आहेत. केमोमुळे मुलांमधले जन्मदोष वाढल्याचं त्यांत दिसलेलं नाही.

दादानं भ्यायला हवं असलंच तर ते वेगळ्याच गोष्टीला : शुक्रजंतूंची संख्या. केमोनंतर ती बहुधा शून्यावर येते. दोन ते पाच वर्षांत बहुतेकांची सुधारते, पण सगळ्यांची नाही. आणि या आजारात उपचाराआधीच संख्या कमी असणारे पुरुषही बरेच असतात. त्यामुळे साठवण हा त्याच्या भीतीवरचा नेमका उपाय आहे. तो नमुना औषधाला कधी भेटलेलाच नसेल.

त्याची पद्धत अशी. शक्य असल्यास दोन ते तीन नमुने द्यावेत, प्रत्येकाआधी दोन-तीन दिवसांचा खंड ठेवून. घाई असेल तर एक दिवसाचा खंडही चालतो. एकच नमुना जमला तरी द्या, कारण एका शुक्रजंतूनंही काम भागवणारं तंत्र आज उपलब्ध आहे. बँक २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदणी झालेली आहे का ते विचारा. जाताना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आधार कार्ड आणि ऑन्कॉलॉजिस्टची (कर्करोगतज्ज्ञांची) चिठ्ठी न्या. रक्ताच्या संसर्ग तपासण्या (एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी) तिथे करतात. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. वार्षिक भाडं किती, ते चुकलं तर काय होतं, आणि नमुना पुढे दुसऱ्या केंद्रात नेता येतो का, हे लेखी घ्या. नमुन्यात एकही शुक्रजंतू सापडला नाही तर तिथेच थांबू नका, युरॉलॉजिस्टला त्याच दिवशी कळवा. सगळं मिळून चार-सहा दिवसांत उरकतं. डॉक्टरांना “साठवण करून अमुक तारखेला सुरू करू” असं सांगा. बहुतेक वेळा एवढी सवड असते. नसेल तर ते तसं सांगतील आणि तेव्हा त्यांचं ऐका.

आता आईचं कार्बोप्लॅटिन. त्यांची माया कळते, आणि त्यांनी ऐकलेलंही खोटं नाही. कार्बोप्लॅटिनमध्ये सुटणाऱ्या दोन क्लोराइडच्या जागी एक मोठा सेंद्रिय गट बसवलेला आहे. तो हळू सुटतो. त्यामुळे किडनी, कान आणि नसांना त्रास कमी, उलट्याही कमी, पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटची संख्या जास्त घटते. डीएनएवर पोहोचल्यावर मात्र ते तोच बाक तयार करतं, म्हणजे दादाच्या धास्तीवर ते उत्तरच नाही. आणि या आजारात ते कमी पडतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दादासारख्या नॉन-सेमिनोमाच्या रुग्णांना, तेही बरं होण्याची चांगली शक्यता असलेल्या गटातल्या, एकीकडे सिस्प्लॅटिन आणि दुसरीकडे कार्बोप्लॅटिन, सोबत तीच दोन औषधं, अशी केमो दिली. एका वर्षानंतर आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ९१ टक्के होतं आणि दुसऱ्यात ७७ टक्के. सौम्य औषधापायी बरं होण्याची इतकी चांगली संधी घालवायची का, हा प्रश्न आईला शांतपणे विचारा. अंडाशयाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र कार्बोप्लॅटिन हा अनेकदा योग्य पर्याय असतो. त्यामुळे ज्या वाचकांच्या घरी ते चालू आहे त्यांनी हे वाचून घाबरू नये. तिथे आजार वेगळा, हिशेब वेगळा.

काकांचा मुद्दा पुढे ढकलण्याचा. बीईपीची एक सायकल २१ दिवसांची असते. तीन सायकल म्हणजे ६३ दिवस, नऊ आठवडे. उद्या-परवा साठवण करून पुढच्या आठवड्यात सुरुवात झाली तर केमो लग्नाच्या बरीच आधी संपते. संपल्यावर पुन्हा सीटी होईल. नोड एक सेंटिमीटरपेक्षा मोठा उरलाच तर तो काढायचं ऑपरेशन लागू शकतं, ते धरूनही गणित जमण्याची शक्यता आहे. नाहीच जमलं तर मुहूर्त दुसरा काढता येतो. उलटं केलं, आधी लग्न आणि मग केमो, तर पाच महिन्यांत नोड वाढून गट बदलू शकतो, तीनच्या चार सायकल होऊ शकतात, आणि नवीन संसाराचे पहिले महिने हॉस्पिटलात जातील. सायकलींच्या मधल्या तारखाही सण-समारंभासाठी सरकवू देऊ नका. या आजारात बाविसाव्या दिवशी पुढची सायकल सुरू होणं महत्त्वाचं असतं. पांढऱ्या पेशी जरा कमी आहेत एवढ्यानं ती थांबवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

सलाईन लागल्यावर काय चाललं आहे हे कळलं की घरच्यांची निम्मी भीती जाते. दादाच्या शरीराचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरलं तर सिस्प्लॅटिन रोज ३४ मिलिग्रॅम, पाच दिवस. इटोपोसाइड रोज १७० मिलिग्रॅम, तेही पाच दिवस. ब्लिओमायसिन ३० युनिट, आठवड्यातून एकदा. सिस्प्लॅटिनची बाटली काळ्या पिशवीत किंवा फॉइलमध्ये झाकलेली दिसेल, कारण त्याला उजेड मानवत नाही. ते मिठाच्या सलाईनमध्येच द्यायचं असतं. नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीत क्लोराइड नसतं, त्यामुळे पेशीत जे व्हायला हवं ते बाटलीतच सुरू होतं आणि औषध वाया जातं. फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याचे खडे होतात. ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई लागली तर काळा साका बसतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात देतात त्या ऑक्सॅलिप्लॅटिनचं नेमकं उलट : त्याला मिठाची सलाईन चालत नाही, फक्त ग्लुकोज. ते घेणाऱ्यांनी काही दिवस थंड पाणी, बर्फ आणि फ्रिजमधल्या वस्तूंना हात लावणं टाळायचं, नाहीतर बोटांत आणि घशात विजेसारख्या झिणझिण्या येतात. कुणाच्या घरात यातलं कोणतंही औषध चालू असेल तर बाटलीवरचं लेबल वाचून नर्सला विचारायला संकोच करू नये.

सिस्प्लॅटिन किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींमध्ये साठतं, म्हणून आधी आणि नंतर साधारण एकेक लिटर सलाईन देतात, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मिसळून. लघवी तासाला निदान १०० मिलिलिटर व्हायला हवी. एक मापाचं भांडं ठेवा, वहीत वेळ आणि माप लिहा, रोज सकाळी वजन करा. पाणी जातंय खूप, लघवी होतेय कमी आणि वजन दोन किलोंनी वाढलं, तर लगेच सांगा. घरी आल्यावरही उलट्यांमुळे पाणी पोटात राहत नसेल तर “उद्या बघू” म्हणू नका, किडनी बिघडते ती अशाच दोन दिवसांत. प्रत्येक सायकलआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासलं आहे याची खात्री करा. मॅग्नेशियम राहून जातं. ते उतरलं की पायात गोळे येतात, ओठांभोवती मुंग्या येतात. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका. अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं किडनी आणि कान दोन्हींना त्रासदायक आहेत. बाहेरच्या दवाखान्यात गेलात तर “सिस्प्लॅटिन चालू आहे” हे पहिलं वाक्य असू द्या.

कानांचं लक्ष आधीपासून ठेवा. आतल्या कानात प्लॅटिनम वर्षानुवर्षं राहू शकतं आणि तिथल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बारीक, उंच आवाजांपासून सुरू होतं, म्हणून गप्पा नीट ऐकू येत असतात आणि कुणाला कळतच नाही. पहिल्या सायकलआधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून ठेवा, शक्य असेल तर ८,००० हर्ट्झच्या वरचीही. कानात सतत शिटी वाजत असेल तर पुढच्या सायकलआधी सांगा. हाताबोटांना बधिरपणा आला, शर्टाचं बटण लावायला वेळ लागू लागला, तर तेही. ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देऊ शकतं, त्यामुळे कोरडा खोकला किंवा जिना चढताना नवा दम लागणं लपवू नये.

उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत : ग्रॅनिसेट्रॉन किंवा ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंट, ओलान्झापिन. ती उलटी सुरू होण्याआधी आणि केमोचे पाच दिवस संपल्यावरही दोन-तीन दिवस घ्यायची असतात. घरी येताना चिठ्ठीत ती आहेत का पाहा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका, रात्र असली तरी हॉस्पिटलात जा. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला असतात आणि त्या वेळचा ताप तासांत बिघडतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर रक्ताची गुठळी असू शकते, तीही तातडीचीच. केमोच्या बाटलीनंतर निदान ४८ तास दादानं बसून लघवी करावी, झाकण लावून दोनदा फ्लश करावं, आणि उलटीची भांडी धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे नको.

ग्लुटाथायोनच्या गोळ्या आजच बाजूला करा. यामागचं कारण रसायनाचं आहे. प्लॅटिनमला गंधकाची फार ओढ असते, आणि ग्लुटाथायोनमध्ये तेच गंधक असतं. प्लॅटिनम डीएनएपर्यंत पोहोचण्याआधीच ते त्याला धरून निकामी करतं. ज्या कर्करोगाच्या पेशी या औषधाला दाद देत नाहीत, त्यांच्यातल्या अनेक हेच ग्लुटाथायोन वाढवून तग धरतात. एन-ॲसिटिल सिस्टीनचंही तसंच. गोरेपणासाठी किंवा ‘डिटॉक्स’साठी म्हणून हे विकलं जातं, त्यामुळे निरुपद्रवी वाटतं. भस्मं, काढे, जडीबुटीच्या पुड्या यांची नावं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही घेऊ नका, किडनी आधीच भाराखाली असते. जेवणातला कांदा-लसूण, डाळ, अंडी यांची मात्र भीती नको. त्यातल्या गंधकानं काही बिघडत नाही, आणि दादाला प्रथिनं लागणारच आहेत.

नऊ आठवड्यांनंतरच्या गोष्टीही एकदा सांगून टाकते. इटोपोसाइड आणि प्लॅटिनममुळे पुढे रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता असते. तीन सायकलमध्ये ती शंभरात एकाहूनही कमी असते. आज अंगात असलेल्या आजारापुढे ती फार लहान आहे. पुढची अनेक वर्षं रक्तदाब, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि टेस्टोस्टेरॉन वर्षातून एकदा तपासावं, तंबाखू-सिगारेट असेल तर सोडावी. कधीही दुसरं ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना “ब्लिओमायसिन घेतलेलं आहे” हे सांगावं, कारण त्यामुळे ऑक्सिजन किती द्यायचा ते बदलतं.

राहिला मुलीकडच्यांचा प्रश्न. ११ महिने गर्भधारणा टाळायची आहे, नमुना बँकेत आहे, दर काही आठवड्यांनी तपासण्या आहेत. हे सगळं एका घरात राहून बायकोपासून लपणार नाही, आणि लपवण्याचा त्रास दादालाच होईल. पण सांगायचं कुणी आणि कसं, हे काकांनी ठरवायचं नाही, आणि तुम्हीही नाही. तो दादाचा अधिकार आहे. त्यानं आधी तिला एकटीला सांगावं, घरच्यांच्या बैठकीत नव्हे. तिला ऑन्कॉलॉजिस्टकडे सोबत येऊन स्वतःचे प्रश्न विचारायचे असतील तर तशी वेळ मागून घ्यावी. डॉक्टरांना अशा भेटी नवीन नसतात. ती नाही म्हणाली तर फार वाईट वाटेल. तरीही हे लग्नाआधी कळलेलं बरं, तिच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही.

दादाशी पुन्हा बोलाल तेव्हा समजावण्याच्या आवेशात जाऊ नका. त्याला आधी विचारा, “तुला नक्की कशाची भीती वाटते? मुलांची, लग्न मोडण्याची, की केमोची?” तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. भीती मुलांची असेल तर शिडीचं चित्र काढून दाखवा : अक्षरं तीच, फक्त बाक आलाय, आणि तो बाक सहन न होणाऱ्या पेशी मरतात. लग्नाची असेल तर कॅलेंडर घेऊन ६३ दिवस मोजा. केमोचीच असेल तर डे केअर वॉर्डमध्ये त्याला अर्धा तास बसवून आणा, तिथे खुर्चीत बसून मोबाइल पाहत सलाईन घेणारे रुग्ण त्याला दिसतील. आणि तो तरीही नको म्हणाला तर त्याला डॉक्टरांसमोर तुमच्याशिवाय, एकट्याला बोलू द्या. बहिणीसमोर न निघणारे प्रश्न अशा वेळी निघतात.

पुढच्या भेटीला एका कागदावर हे लिहून न्या : मार्करचे ताजे आकडे आणि गट कोणता, तीन सायकल की चार, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, ऑडिओमेट्री आणि फुप्फुसांची तपासणी झाली का, रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा, केमोनंतरच्या सीटीची तारीख. महाराष्ट्रात राहत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल त्याच दिवशी विचारा, कागदपत्रं जमवायला वेळ जातो. कागदाच्या सगळ्यात वर मात्र स्पर्म बँकेतली वेळ लिहिलेली असू द्या. ती आजच्या फोनवर ठरवा, आणि दादाबरोबर कोण जाणार ते त्यालाच निवडू द्या. बहुधा तो एखाद्या मित्राला घेऊन जाईल.